शटरचा लाल दिवा

भूकंपाला पाच वर्षं झाली होती. दिवाळीनंतरचा सोमवार. काम तीनशे रुपयांना ठरलं, शंभर आधी. हजर तिघं: लातुरात फिजिक्सचे क्लास घेणारे देशमाने सर, त्यांचा वॉचमन गुंडाप्पा आणि मी, रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा.

सरांच्या घराखाली गॅरेज होतं. गाडी बाहेर उभी असे. आत टेस्ट सिरीजचे छापलेले पेपर. गुंडाप्पा आतच झोपायचा आणि शटरखाली उभी वीट ठेवायचा. नऊ इंच फट.

"दोनदा गठ्ठा ओढून नेला पोरांनी त्या फटीतून," सर म्हणाले. "याला सांगून थकलो. शटर उघडं की बंद, मला वर बेडरूममध्ये दिसलं पाहिजे."

तसलं तयार यंत्र मला बाजारात सापडलं नाही. घरीच बनवलं. रीड स्विच म्हणजे काचेची बारीक नळी, आत दोन पात्या. लोहचुंबक जवळ आला की पात्या चिकटतात. चुंबक शटरच्या खालच्या पट्टीला लावला, स्विच चौकटीला. शटर पूर्ण खाली असेल तर वर हिरवा दिवा, नाही तर लाल. वायर तुटली तरी लाल. लाईट गेली तर बॅटरी. खोटं बोलणारच नाही असं यंत्र केलं होतं. मला त्याचा अभिमान होता.

बसवताना शिडी गुंडाप्पानं धरली होती.

"मिस्त्री, वीट ऱ्हाऊ द्या आन् वर हिरवं दिसू द्या. व्हतंय का तसं?"

होत होतं. नऊ इंच वर दुसरा स्विच जोडला की झालं. जादा स्विच माझ्या खिशातच होता.

"पण वीट कशाला पाहिजे?"

"त्या दिशी चौकट तिरकी झाली बगा. कडी माज्या हातात, दार हलंना. बायको मागून म्हनायली, ढकला, ढकला. भाईरच्यांनी दार फोडस्तोवर ती गप झाली."

मी म्हणालो, "पैसे सर देतायत. त्यांना खोटं कसं दाखवू?"

"हाव, ते बी खरंच." त्यानं शिडी पुन्हा नीट धरली.

जाताना सरांना म्हणालो, पेपरच वर ठेवले तर? सर हसले. "वर माझी माणसं कुठं झोपवू? आणि पाच वर्षं झाली हो मिस्त्री. किती दिवस भूकंप चालवायचा त्यानं?"

मी पिशवी उचलून निघालो.

शनिवारी उरलेले पैसे घ्यायला गेलो. गॅरेजपाशी नवा माणूस उभा होता. शटर बंद.

"यंत्र एक नंबर," सर म्हणाले. "पहिल्या चारही रात्री लाल. काल मात्र हिरवा झाला. म्हटलं, सुधारला गडी. घड्याळात बघितलं, दहा मिनिटं. मग परत लाल. सकाळीच काढून टाकला त्याला."

ती दहा मिनिटं त्यानं आत कशी काढली असतील, ते मी कैकदा मोजून पाहिलं आहे. जमत नाही.

यंत्र बरोबर चाललं होतं. आपण बनवलेली वस्तू कुणावर बसते आहे, हे शिडीवर चढण्याआधी विचारावं, चढल्यावर नाही, एवढंच शिकलो.

मला ठरलेले तीनशे पूर्ण मिळाले. गुंडाप्पाला अकरा दिवसांचा पगार.