पाटी नसलेलं रोप

माझी आई एकोणतीस वर्षं रोपवाटिकेत कामाला आहे, आणि एवढ्या वर्षांत तिने कुणावर म्हणून विश्वास ठेवलेला नाही. खताचं पोतं आलं की मूठभर काढून आधी हुंगणार. गाडीतून एखादं रोप पाटीशिवाय उतरलं, तर मग विचारूच नका. प्रत्येक कुंडीत नावाची पत्र्याची पाटी खोचलेली असते. ती दिसली नाही की मालक म्हणतो, पडली असेल वाटेत. आई म्हणते, पडत नसते, काढतात. मग ते रोप काखोटीला मारून ती वाफ्यावाफ्यातून फिरते, पान पानाशी लावून बघते, आणि नाव सापडेपर्यंत स्वतः जेवत नाही नि दुसऱ्याला जेवू देत नाही. तिथे सगळे तिला फौजदारीणबाई म्हणतात. तिला ते मनातून आवडतं.

अशा बाईपासून मी एक गोष्ट लपवायला निघाले होते.

आम्ही मुलगी दत्तक आणली तेव्हा ती आठ महिन्यांची होती. संस्थेच्या कागदांत तिचं नाव होतं. तिथे सांभाळणाऱ्या एका बाईने ते ठेवलेलं, आणि तीच रोज त्या नावाने हाक मारायची. मला ते नको होतं. त्या नावाने ती त्यांचीच राहील, माझी कधी होणारच नाही, ही भीती माझ्या पोटात बसली होती. कागद मी कपाटात कपड्यांखाली सारले, नवऱ्याला दम भरला, आणि आईने विचारलं तेव्हा सांगून मोकळी झाले, की तिकडे नुसतं बाळच म्हणायचे.

"आठ महिने नुसतं बाळ?" आई म्हणाली, आणि तिची उजवी भुवई वर गेली. ती भुवई मी लहानपणापासून ओळखते.

पाच आठवड्यांनी जन्मदाखल्यासाठी तिचं नाव घालून अर्ज द्यायचा होता. आईचा जन्म झाडापानांत गेला, तेव्हा निसर्गातलंच काहीतरी ठेवू म्हणजे फौजदारीणबाई खूश होतील, असा माझा हिशेब. मेघना म्हटलं, तर म्हणाली, ढगाचा काय भरवसा. झुळूक म्हटलं, तर आली तशी जायची. तुषार म्हणजे पाण्याचा थेंब, म्हणून मुलीला तुषारा म्हणू म्हटलं, तर ती नुसती कुंडी पुसत बसली. अवनीला तर म्हणाली, एवढीशी पोर, सगळी पृथ्वी कशाला तिच्या डोक्यावर! माझ्या डोक्यात तिडीक गेली. बरं, स्वतः ती मुलीला काय म्हणायची? पाहुणी. पाहुणी झोपली का. पाहुणीचं दूध झालं का. दर वेळी माझ्या काळजात सुई जायची. माझी खात्रीच झाली, की रक्ताची नाही म्हणून ही नात हिला नको आहे.

भरीत भर म्हणजे मुलगी हाकेला वळायचीच नाही. मी मेघना म्हणून घसा कोरडा केला, अवनी म्हणून केला, ती आपली पंख्याकडे बघत पडलेली. मी घाबरून तिचे कान तपासून आणले. डॉक्टर म्हणाले, कान ठणठणीत आहेत.

मी चष्म्याच्या दुकानात कामाला जाते, तेव्हा दिवसा आई मुलीला रोपवाटिकेत घेऊन जायची. अर्जाच्या आधीच्या शुक्रवारी मला दुपारीच सुट्टी मिळाली. मी तडक तिकडे गेले आणि मातीच्या पोत्यांमागे उभी राहिले. सख्ख्या आईवर पाळत ठेवताना लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. शेवटी मी मुलगी तिचीच.

आई मुलीला कडेवर घेऊन वाफ्यांमधून चालली होती. एका कुंडीपाशी थांबायची, पाटीवर बोट ठेवायची, नाव मोठ्याने म्हणायची आणि मुलीच्या तोंडाकडे बघायची. जास्वंद. जुई. गुलाब. मुलगी आईच्या पोलक्याचं बटण चघळत होती. आई पुढच्या कुंडीपाशी सरकली. त्या कुंडीत काय आहे ते मला पोत्यांमागूनच दिसलं.

"शेवंती."

मुलीने बटण सोडलं. मान गर्रकन वळवली. आईकडे नाही. ती मागे बघायला लागली, मग उजवीकडे, मग पुन्हा मागे. हाक मारणारं माणूस शोधत होती.

मी पोत्यांमागून बाहेर आले. मला पाहून आईला नवल वाटलं नाही.

"शेजारपाजारच्या पोरींची नावं घेऊन झाली, देवाधर्माची झाली," ती म्हणाली. "आज चौथा दिवस झाडांचा. हे नाव माहीत होतं ना तुला?"

मी हो म्हटलं. माझी भीतीही सांगितली, सगळी, तिथेच उभ्या उभ्या. आणि तावातावाने हेही म्हटलं, की तू तरी कुठे तिला आपली मानलीस, पाहुणी पाहुणी करतेस ती.

"खरं नाव सापडेपर्यंत काय म्हणू? खोट्याने हाक मारायला जीभ वळेना." आईने मुलीचं नाक पुसलं. "तिचं माणूस सुटलं, घर सुटलं. एवढं एक नाव तिच्याबरोबर आलं होतं, ते तू कपाटात कोंडलंस."

मला रडू आलं. मी मुलीला घ्यायला हात पुढे केले आणि पाच आठवड्यांत पहिल्यांदा तिला तिच्या नावाने हाक मारली. तिने शोधणं थांबवलं, माझ्या तोंडाकडे बराच वेळ टक लावून बघितलं, आणि मग अंगावर झेप घेतली.

सोमवारी अर्ज दिला. खिडकीतल्या बाईंनी जुना कागद नि नवा कागद शेजारी धरून पाहिला आणि म्हणाल्या, नाव तेच ठेवलंत? बहुतेक लोक बदलतात.

मी तोंड उघडायच्या आत आईने मान पुढे काढली.

"बदलून पाहिलं," ती म्हणाली. "ऐकूच येईना तिला."