तलवारीची खाच

आमच्या देवघरातल्या तलवारीला टोकापासून वीतभर अंतरावर एक खाच आहे. ही खाच कशी पडली याची गोष्ट मी गेली सत्तावीस वर्षं सांगत आलोय. किल्ल्याचा दरवाजा, फितुरी, दारात पाय रोवून एकटा उभा राहिलेला आमचा पूर्वज, आणि त्याने तलवारीवर झेललेला तो घाव. घरात गोष्टी सांगायचं काम माझ्याकडेच असतं. दुसरं कुठलं काम माझ्यावर सोपवायला कुणी धजत नाही. ही गोष्ट ऐकून आमच्याकडे पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं आहे.

गोष्ट खोटी आहे. खाच मी पाडली.

हे कुणाला कळण्याचं कारण नव्हतं, पण माझी मुलगी एका गेम बनवणाऱ्या कंपनीत चित्रं काढते. मखमलाबादच्या मळ्यात, खाली माझे वडील पालकाच्या जुड्या बांधतात आणि वर ही संगणकावर राक्षस रंगवते. यंदा तिला पहिल्यांदाच एक अख्खं शस्त्र स्वतःचं म्हणून करायला मिळालं. एका दुपारी तिने मला वर बोलावलं. पडद्यावर आमची तलवार फिरत होती. तीच सरळ, लांब पात्याची, तीच मुठीखाली दुसऱ्या हाताने धरायला गज असलेली. शत्रू जवळ आला की खाचेतून निळा उजेड पाझरायचा. "बाबा, सगळी ताकद खाचेत ठेवलीय," ती म्हणाली. तुमच्या गोष्टीवरून, असंही म्हणाली.

छान झालीय, मी म्हणालो.

पण पुढचं ऐकायचं बाकी होतं. कंपनीत प्रत्येक शस्त्राचा एक तक्ता करावा लागतो, कुठला भाग कशावरून घेतला याचा. पुढच्या महिन्यात गेम येणार तेव्हा खऱ्या तलवारीचा फोटो आणि तिची हकीकत लोकांसमोर मांडायची होती, खाली मुलीचं नाव. आणि आधी खात्री करून घ्यायला जुन्या शस्त्रांचे एक जाणकार रविवारी घरी येणार होते. गेममध्ये परदेशी वळणाच्या तलवारी ढीगभर असतात, आपल्याकडची ही एकच, म्हणून एकही शब्द चुकायला नको, असं ती म्हणत होती. उद्या कुणी खोटं पकडलं तर हसं तिचं होणार होतं, माझं नाही. मी मान डोलावली आणि जिना उतरताना कठडा धरला.

आता खरं काय घडलं ते सांगतो. खंडेनवमीला आमच्याकडे तलवारीची पूजा होते आणि मग एका घावात कोहळा कापायचा असतो. दोन घाव लागले की वर्षभर चेष्टा. माझं लग्न झालं त्या वर्षी वडिलांचा हात प्लास्टरमध्ये होता आणि मान माझ्याकडे आला. पूजेला सासरची मंडळी येणार होती. म्हणून आदल्या दिवशी मी तलवार गुपचूप मळ्यात नेली, विहिरीपाशी एक डांगर ठेवलं आणि सराव केला. घाव घालताना मी डोळे मिटले. डांगर घरंगळलं आणि तलवार मोटारीच्या लोखंडी पाइपावर बसली. तो आवाज अजून माझ्या दातांत आहे.

खाचेत मी हळदकुंकू भरलं. दुसऱ्या दिवशी कोहळा कसाबसा कापला. पण पातं पुसताना वडिलांचा अंगठा खाचेवर थांबला आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. भीतीने माणसाला काय काय सुचतं! ती जुनीच आहे, आजोबांनी मला सांगितलं होतं, असं मी म्हणालो. आजोबा वारलेले. किल्ला, फितुरी, सगळं तिथल्या तिथे तोंडातून आलं. तेव्हापासून कोहळा कापायची वेळ आली की माझी कंबर धरते.

शनिवारी बायको बाजारात गेल्यावर मी पॉलिशपेपर घेऊन देवघरात बसलो. खाच जुनी दिसावी म्हणून चारदा हात फिरवला, मग घाबरून पेपर खिशात घातला. खोटं धड लपवायलाही धीर लागतो, आणि तो माझ्यापाशी नाही.

रविवारी जाणकार आले. शांत, किडकिडीत गृहस्थ. चहा बाजूला ठेवून त्यांनी आधी पातं उजेडाकडे धरलं. ही धोप, मराठ्यांची सरळ तलवार, म्हणाले, पण पातं इथलं नाही, समुद्रापलीकडून जहाजाने आलेलं. अशी पाती आपल्याकडे यायची आणि मूठ इथले कारागीर बसवायचे. म्हणजे मी ज्याबद्दल खोटं बोललो नव्हतो, तेही मला माहीत नव्हतं. मुलगी भराभर लिहून घेत होती. मग त्यांचं भिंग खाचेवर आलं आणि तिथेच राहिलं. ही कशी पडली, असं त्यांनी वडिलांना विचारलं.

वडील ताठ बसले आणि सांगू लागले. प्रत्येक वाक्य माझं होतं. जाणकार ऐकत होते, पण बघत माझ्याकडे होते. मुलीचं पेन चालू होतं. मी हातातली बशी खाली ठेवली. वडील किल्ल्याच्या दारापर्यंत पोचले तेव्हा मी डोळे मिटले.

"ती मी पाडली," मी म्हणालो.

पेन थांबलं. "कशावर?" वडिलांनी विचारलं.

"विहिरीवरच्या पाइपावर. डांगर कापताना. डोळे मिटले होते."

मी डोळे उघडले तेव्हा वडील तलवारीकडे नाही, खिडकीतून विहिरीकडे बघत होते.

"तो पाइप," ते सावकाश म्हणाले, "तवापासून गळत व्हता. मी तुझ्या काकाला लय बोललो. त्यानंच पाइपावर ट्रॅक्टर घातला म्हणून. दोन वर्सं आम्ही एकमेकांच्या दारात गेलो नाय."

काका आता कळवणला असतात. वडील उठले, फोन घेतला आणि ओट्यावर गेले. दार ओढून घेतलं, त्यामुळे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. पण बराच वेळ चाललं.

जाणकार गेल्यावर मुलीने तक्त्यातली एक ओळ खोडली. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तिने विचारलं, "तेव्हा घाबरला होतात?"

"आत्ताही घाबरलोय."

चार दिवसांनी तिने मला तक्ता दाखवला. पातं: समुद्रापलीकडून आलेलं. मूठ: इथल्या कारागिराची. खाच: बाबा, मोटारीचा पाइप. आणि गेममध्ये आता शत्रू जवळ आल्यावर नाही, तर तलवार धरणारा घाबरला की खाचेतून उजेड येतो. तिच्या कंपनीला हे आधीपेक्षा जास्त आवडलं म्हणे. मी खेळून पाहिलं. पहिलाच राक्षस आला आणि सगळा पडदा निळा झाला.

वडिलांनी त्यावर मला एवढंच सांगितलं, की औंदा कोहळा मी कापायचा, डोळे उघडे ठिवून, आणि काका बघायला येणार हाय.

खंडेनवमीला अजून तीन आठवडे आहेत. कोहळा विहिरीजवळच्या मांडवावर लटकलाय आणि रोज थोडा थोडा वाढतोय. सकाळी पालकाला पाणी द्यायला जाताना मी दुसऱ्या बांधावरून जातो.