हेमकांत आणि शर्यतीची सायकल

एकतीस वर्षं हेमकांत गावापासून नंदुरबारच्या शाळेपर्यंत रोज नऊ किलोमीटर सायकलने गेला आणि सायकलनेच परतला. प्रयोगशाळेत काचेची भांडी धुणं त्याचं काम. काळी, जड सायकल तो एका हातानं चालवायचा, दुसऱ्या हातात कधी छत्री, कधी मेथीची जुडी. त्यामुळे निवृत्त झाल्यावर सुरतहून लेकीची शर्यतीची सायकल आली, तेव्हा त्याला सायकल शिकावी लागेल असं गावात कुणालाच वाटलं नाही. त्याला तर नाहीच नाही.

जागृतीची बदली लांब झाली होती. "पप्पा, पडून राहण्यापेक्षा तुम्ही चालवा," ती म्हणाली होती.

पहिल्या दिवशी अंगणातच त्याने हळू वळण घेतलं आणि बुटाचं टोक पुढच्या चाकाला अडकलं. तो तुळशीशेजारी आडवा झाला.

"काय व्हयनं?" त्याची बायको सुगंधाबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या.

"काही नही!" तो खेकसला.

रस्त्यावर तर आणखी ताप. जुन्या सायकलीला वळवायला खांद्याचा जोर लागायचा. हिला नुसती मान वळवली तरी पुरे. मागून ट्रक आला म्हणून पाहावं, तर ही निघाली रस्त्याच्या मधोमध. घाबरून हँडल डावीकडे ओढावं, तर थेट कडेच्या मुरुमात. हँडल इतकं खाली की बैलगाडीला जुंपल्यासारखी पाठ वाकायची.

चौथ्या दिवशी शहराबाहेर, जिथं मिरच्या वाळत घालतात तिथं, समोरून दोधू मोटरसायकलवर आला. शेजारचाच माणूस. "राम राम, हेमकांतभाऊ!"

हेमकांतने सवयीनं हात उचलला. पुढचं चाक फटकन वळलं, आणि तो लाल मिरच्यांच्या वाळवणात गुडघ्यांवर पडला. आधी शिंका आल्या, मग डोळ्यांतून धारा. मिरच्या उलटवणारी भिकुबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काय भाऊ, रस्ता कमी पडना का तुम्हले?"

"रस्ता नही वं, सायकलच इपरीत शे! हात सोडा का वाकडी पळस!"

"मंग हात कसाले सोडतस?" ती म्हणाली, आणि विखुरलेल्या मिरच्या त्याच्याकडूनच गोळा करून घेतल्या.

घरी येऊन त्याने जागृतीला फोन लावला. "घेऊन जा तुझी सायकल."

"पप्पा, तिच्या पुढच्या चाकाचा चिमटा उभा असतो, दोन्ही चाकं जवळ असतात. पटकन वळावी म्हणूनच तशी बनवलीय. तुम्ही हँडल आवळून धरता ना? कोपर सैल सोडा. जायचंय तिकडे नुसतं बघा."

"नुसतं बघा! मग एकतीस वर्षं मी काय डोळे मिटून चालवली?" त्याने फोन ठेवला.

तरी सकाळी तो निघाला. हार मानून सायकल परत पाठवणं जिवावर आलं होतं. तापीकडे जाणारा सरळ, मोकळा रस्ता धरला. कोपर सैल सोडायचं ठरवूनही दर खड्ड्याला मुठी आवळल्या जात. दहा-बारा किलोमीटरनंतर बोटांना मुंग्या आल्या, खांदे भरून आले, आणि पकड आपोआप ढिली पडली. सायकल सरळ चालू लागली. त्याने लांबच्या निंबाकडे पाहिलं, ती निंबाच्या रोखानं गेली. खड्डा आला, त्याने बाजूच्या डांबराकडे पाहिलं, ती खड्डा टाळून गेली.

आनंद होण्याऐवजी त्याला स्वतःचाच राग आला. चार दिवस आपणच हिच्याशी भांडत होतो! शेवटचे पाच किलोमीटर मात्र कधी गेले, कळलं नाही.

नदीजवळच्या चहाच्या टपरीवर तो उतरला. तेवढ्यात जागृतीचा फोन आला.

"माणूस पाठवू का सायकल न्यायला?"

"राहू दे आठ दिवस," तो म्हणाला. सायकल टेकवायला त्याने टपरीभोवती एक चक्कर मारली. खांब नव्हता, झाड नव्हतं, भिंत नव्हती. "पण जागृती, एवढ्या शहाण्या लोकांनी ही बनवली, हिला साधा स्टँड का नाही लावला?"

शेवटी एका हातानं सायकल धरून, दुसऱ्या हातानं त्याने उभ्याउभ्याच चहा घेतला.