रांगवाले सर

रांगवाले सर कोणालाही मध्ये घुसू देत नसत, अगदी वाईट बातमीलाही. मोबाइलवर आलेल्या निरोपांना ते आलेल्या क्रमानेच उत्तर देत. माझ्या लग्नाला 'नक्की येतो' हा त्यांचा निरोप मला मिळाला, तेव्हा मी सासरी पुरणपोळ्या लाटत होते. "मागून आलेल्याले पुढं काऊन सोडू?" असं वर मलाच विचारलं, जणू लग्न मीच घाईने उरकलं होतं.

गडचिरोलीतल्या आमच्या चिमुकल्या ऑफिसात ते सगळ्यांत वरचे. कुरखेड्याकडच्या एका नाल्यावर, रपट्याच्या, म्हणजे गाड्या जातात त्या बुटक्या पुलाच्या, बऱ्याच वरच्या अंगाला, आम्ही पाणी मोजणारं यंत्र बसवलं होतं. ते दर सेकंदाला एक आकडा काढी. जंगलातून तो आमच्यापर्यंत आणणारा रेडिओ मात्र रडतखडत चाले, पावसात तर जास्तच. म्हणून मध्ये आकडे थोपवून धरणारा बफर होता, म्हणजे रेशनच्या दुकानापुढची रांगच. आमच्याकडे पोचलेल्या आकड्यावर रपट्यावरचा गाड्यांसाठीचा दिवा हिरवा किंवा लाल होई. ही रांग सरांनी स्वतः लिहिली होती.

"एकही आकडा वाया गेला नाई आजवर," ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. चहा पिऊन उठलेल्याला पुन्हा बसवून सांगत.

मी एकदा म्हटलं, "सर, रांग तुंबली तर जुने आकडे टाकून देऊ. ताजा पहिले पाठवू."

"टाकून देऊ? वर्गात पोरं जास्त झाली तर पहिल्या बाकावरची हाकलतेस काय?"

सगळं ऑफिस हसलं. मीही हसले, याची मला अजून लाज वाटते.

त्या पावसाळ्यात एका दुपारी आईचा फोन आला. ती कुरखेड्याहून बसने गावी निघाली होती, आणि बस रपट्यापाशी उभी होती. "पोरी, तुमचा दिवा हिरवा हाय. ड्रायव्हर गाडी टाकतो म्हणते. अन् पाणी माह्या डोळ्यासमोर चढून राह्यलं. कोणाचं खरं मानू?"

स्क्रीनवर पाणी रपट्याच्या हातभर खाली होतं.

"आकडा बरोबर हाय," सर म्हणाले.

"कधीचा?"

त्यांनी वेळ पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. "दीड घंट्याआधीचा."

पुराचे आकडे तिकडे शहाण्यासारखे रांगेत उभे होते, आणि दीड तासापूर्वीचं शांत पाणी एकेक करून आमच्याकडे येत होतं. हाताने दिवा लाल करावा, तर तो हुकूमही सरांच्या रांगेतूनच जाई.

"आई, उतर! गाडी जाऊ देऊ नको!" मी ओरडले.

आई उतरली आणि बससमोर उभी राहिली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, शिव्या दिल्या. थोड्या वेळाने रपटा दिसेनासा झाला, तेव्हा त्याने इंजिन बंद केलं. आमचा दिवा त्यानंतरही बराच वेळ हिरवा होता.

चार दिवस सर आपली रांग पुन्हापुन्हा उघडून बसत. पाचव्या दिवशी कीबोर्ड माझ्याकडे सरकवून म्हणाले, "तू लिही. माह्याच्यानं आकडा टाकवत नाई." माफीबिफी काही नाही. मी लिहिलं: ताजा आकडा पुढे, शिळे बाद, आणि बराच वेळ ताजा आकडा आला नाही तर दिवा आपोआप लाल. सरांनी वाचलं, काढा प्यायल्यासारखं तोंड केलं आणि "चांगलं हाय" म्हणाले.

मागच्या पावसाळ्यात ते निवृत्त झाले. निरोपाचा हार पिशवीत घालून बसने गावी गेले. योगायोगाने आई त्याच बसमध्ये होती. संध्याकाळी तिचा फोन आला.

"दिवा हिरवा होता. तरी तुह्या सरांनं गाडी थांबवली. उतरून काठापर्यंत गेले, पाणी पाह्यलं, अन् मग ड्रायव्हरले हात केला."

मला भयंकर राग आला. तो दिवा आता माझा होता. ज्या माणसाने माझ्या आईला पुरात घातलं असतं, तो माझ्या कामावर अविश्वास दाखवतो! दुसऱ्या दिवशी ऑफिसात शिरल्याबरोबर मी माझी रांग पहिल्या ओळीपासून पुन्हा तपासायला घेतली. जेवणाच्या सुट्टीच्या आतच मला तिच्यात चूक सापडली.