माडीवरची रात्रपाळी

२२ एप्रिलला वर्षभराच्या चटणीसाठी अंगणात मिरच्यांची देठं काढत बसले होते, तेवढ्यात हवालदार आला. आमच्या माडीवर भाड्याने राहणाऱ्या आजरा गावाहून आलेल्या मुलीला रुग्णवाहिकेवर नोकरी लागणार होती. त्याआधी तिची पोलीस पडताळणी व्हायची होती.

"पोरगी कशी हाय?" त्याने विचारलं.

"गुन्हा-बिन्हा काही नाही," मी म्हणाले. घरमालकीण म्हणून आणखी काहीतरी सांगायला हवं असं वाटलं, म्हणून पुढे जोडलं, "पण रात्री-अपरात्री येते-जाते."

"म्हंजे तसलं हाय व्हय?" तो हसला. मी नाही म्हणाले नाही. खाली बघून देठं काढत राहिले.

संध्याकाळी ती खाली आली. "काकू, हवालदार चालचलणुकीवर शेरा मारणार म्हनला. शेरा पडला की नोकरी गेलीच की! दवाखान्यात माझी रात्रपाळी असती, तुम्हाला म्हाईत न्हाय व्हय? डबा तर तुम्हीच देताय."

देतच होते. आदल्या रात्रीही झुणका-भाकरी बांधून दिली होती. तिच्याकडे मान वर करून बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिरच्या तशाच टाकून पोलीस ठाण्यात गेले. बाकावरच्या लोकांदेखत त्याच हवालदाराला सांगितलं, "ती रात्री कामाला जाते. डबा मी भरून देते. काल मी ते मुद्दाम सांगितलं नाही, असं लिहा." त्याने लिहिलं. मी चष्मा लावून ते वाचलं आणि मगच सही केली.