बेटावर कापूस शोधताना

बोंडअळीनं यवतमाळचा कापूस फस्त केला, त्याच वर्षी बियाण्याच्या कंपनीनं आम्हा दुकानदारांना विक्रीचं बक्षीस म्हणून एका बेटावर फिरायला नेलं. माझ्या खोलीत केळापूरकडचे एक भाऊ होते. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

बाकीचे समुद्रात डुंबत असताना भाऊ रिसॉर्टचे पडदे आणि चादरी चिमटीत धरून बघायचे. किनाऱ्यावरच्या हॉटेलात तर त्यांनी रुमालाचा धागा उपसून काडीनं पेटवला. वेटर पाण्याचा जग घेऊन धावला.

मी म्हटलं, "भाऊ, कायले जाळून राह्यले? समुद्र पाहा ना!"

"समुद्र कुठी पळून जाते? हे पाहा. कापूस असता तं राख झाली असती. ह्याची गोळी झाली, म्हंजे पॉलिस्टर हाय. उशीतही तेच भरलं हाय, म्या उसवून पाह्यली. मंग आपल्या कापसाले भाव कुठून भेटन?"

निघताना त्यांचा खांद्यावरचा सुती दुपट्टा वाळूतल्या खुर्चीवर राहिलेला दिसला. तो घेऊन मी धापा टाकत बसमध्ये चढलो.

भाऊ माझ्यावरच चिडले. "वापस ठेवून या तो. इसरलो नव्हतो, हॉटेलवाल्यायले सॅम्पल ठेवलं होतं."