भोपळा होडीतच राहिला

खाऱ्या तळ्यातल्या त्या गावाला जमीन अशी नाहीच. घरं खांबांवर, शाळा खांबांवर, डुकरंसुद्धा फळ्यांवर बांधलेली. रांगत्या पोराच्या कमरेला दोरी बांधायची आणि दोरी सुटली की पाठीला सुका भोपळा बांधून त्याला एनेल्डाच्या हवाली करायचं, ही तिथली रीत. होडीतून तळलेले मासे विकता विकता या बाईने निम्मं गाव पोहायला शिकवलं. ओरडणं नाही, ढकलणं नाही. "पाण्याशी भांडू नकोस गं, त्याच्यावर रेल," एवढंच.

पण तिची स्वतःची धर्मलेक येनिस आठ वर्षांची झाली तरी भोपळा सोडत नव्हती. आणि भोपळ्याशिवाय घरच्या शिडीपासून शाळेच्या शिडीपर्यंत पोहून दाखवल्याखेरीज पोरांच्या हाती होडी मिळत नसे.

"उद्या शाळा उघडतेय," येनिसची आई नोरिस म्हणाली. "मी पहाटेच मासळीला जाते, हिला सोडणार कोण? आज जमलं नाही तर शहरात आत्याकडे धाडते."

"आत्याच्या खिडकीतून नुसती भिंत दिसते!" येनिस रडकुंडीला आली.

एनेल्डाने तिचा भोपळा सोडून होडीत टाकला आणि होडी ढकलायची लांब काठी तळाच्या चिखलात रोवत होडीतच उभी राहिली. चार हात मारले की येनिस काठीला मिठी मारी, मग पुन्हा शिडीवर.

"पोरीचं काठीशीच लग्न लावताय की काय?" समोरच्या ओट्यावरून जाळं विणणारा उबाल्दो ओरडला.

"तुम्ही जाळं चालवा उबाल्दोभाऊ, जीभ नको!"

तेवढ्यात वारं सुटलं. होडी थोपवायला एनेल्डाने काठी खोल दाबली, आणि ती रुतली. अशा वेळी काठी सोडायची, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. एनेल्डाने मात्र होडी सोडली! होडी पायाखालून सटकली आणि बाई बगळ्यासारखी काठीवर लटकली. सगळी गल्ली खो खो हसली.

"मावशी, मासे चालले तुझे!" शिडीवरून येनिस ओरडली.

एनेल्डा उडी टाकणार, तोच धप्पकन आवाज झाला. येनिस शिडीवर नव्हती. ती पाण्यात होती, होडीच्या मागे, हातावर हात टाकत.

नोरिस डाव घेऊनच बाहेर धावली. "एनेल्डा, लटकतेस काय? उडी टाक की!"

"गप गं! बघ तिच्याकडे!" एनेल्डा दबक्या आवाजात म्हणाली. हाक मारली तर पोर मागे वळेल, म्हणून तिने ओठ आवळून धरले. काठी सुळसुळत खाली चालली होती, घागरा कमरेपर्यंत भिजला, तरी ती हलली नाही.

होडी शाळेच्या शिडीच्याही पुढे गेली. मागोमाग येनिसही गेली. तिने होडीचा काठ पकडला, एक पाय वर टाकला, घसरली, पुन्हा टाकला आणि धपकन आत पडली. उबाल्दोने जाळं फेकून शिट्टी मारली.

होडीतलं वल्हं तिने आयुष्यात पहिल्यांदाच धरलं होतं. वाकडीतिकडी होत होडी परत आली.

"सोड आता ती काठी, मावशी. बस आत," धापा टाकत येनिस म्हणाली आणि भोपळा आईकडे भिरकावला. "हा धाकट्या भावाला बांध. आणि आत्याला कळव, मी येत नाही!"